सेनापती बापट आणि मुळशीचे पाणी

राज्ये उदयास येतात आणि लयास जातात, व्यापाराचे ओघ एका देशाकडून दुसऱ्या देशाकडे वळतात, ही गोष्ट आपण इतिहासाच्या व भूगोलाच्या पुस्तकांतून शिकतो. परंतु जगाच्या या उलाढालीचा धक्का डोंगराआडच्या एखाद्या खेड्यास बसतो, तेव्हा तेथील माणसांचे काय होते, हे समजण्यास पुस्तकाबाहेर पाहावे लागते. सुदैवाने त्यासाठी आपणांस फार दूर जावयास नको. पुणे शहराच्या पश्चिमेस, पौडाच्या पुढे, ताम्हिणी घाटाच्या वाटेवर जो विस्तीर्ण जलाशय पसरलेला दिसतो, त्याच्या तळाशी हा इतिहास निजलेला आहे. ज्या पुरुषाचे नाव त्या इतिहासाशी कायमचे जोडले गेले, त्या पांडुरंग महादेव बापट यांचे चरित्र विद्यार्थ्यांनी, आणि त्यांच्या पालकांनीही, एकवार वाचावे असे आहे.

बापटांचा जन्म १२ नोव्हेंबर १८८० रोजी, तेव्हाच्या अहमदनगर व आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील पारनेर या गावी झाला. घरची स्थिती बेताची होती; परंतु मुलगा बुद्धीने तल्लख व अभ्यासात दक्ष होता. मॅट्रिकच्या परीक्षेत संस्कृत विषयासाठी असलेली जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्याने मिळविली, आणि पुढील शिक्षणासाठी तो पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दाखल झाला. तेथे असतानाच देशाच्या स्वातंत्र्यासाठी आयुष्य वेचण्याची शपथ त्याने घेतली. पुढे मुंबई विद्यापीठाची पदवी मिळाली व मंगळदास नथूभाई यांच्या नावाची शिष्यवृत्तीही लाभली. १९०४ साली हा तरुण यंत्रशास्त्र शिकण्यासाठी स्कॉटलंडमधील एडिंबरो येथे गेला. बापट हे यंत्रांचे द्वेष्टे नव्हते, तर यंत्रविद्या शिकण्यासाठी समुद्र ओलांडून गेलेले विद्यार्थी होते, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढील हकीकत समजण्यास तिचा उपयोग आहे.

तो काळ मोठा विलक्षण होता. ज्या साम्राज्यावर सूर्य मावळत नाही असे म्हणत, त्याचे वैभव शिगेला पोहोचले होते. तथापि जगाचा तोल हळूहळू हलू लागला होता. १९०५ साली जपानसारख्या आशियातील एका लहान राष्ट्राने रशियासारख्या अवाढव्य सत्तेस युद्धात नमविले, आणि युरोपीय राष्ट्रे अजिंक्य आहेत हा समज सर्व आशिया खंडात डळमळला. अमेरिका व जर्मनी या देशांचे कारखाने इंग्लंडच्या कारखान्यांशी टक्कर घेऊ लागले होते. एका राजधानीतून सर्व जगाचा कारभार हाकण्याचे दिवस सरत आले, असे परदेशी शिकणाऱ्या अनेक हिंदी तरुणांस वाटू लागले. बापटही त्यांतलेच होते. एडिंबरो येथे त्यांनी हिंदुस्थानातील ब्रिटिश राज्यावर जाहीर टीका केली, आणि त्याचा परिणाम व्हावयाचा तो झाला. शिष्यवृत्ती बंद झाली, व यंत्रशास्त्राची पदवी अपुरीच राहिली.

यानंतर ते लंडनला श्यामजी कृष्णवर्मा यांच्या इंडिया हाऊसमध्ये आले. तेथील मंडळींच्या सल्ल्याने बंगालचे हेमचंद्र दास यांच्यासमवेत पॅरिस येथे जाऊन त्यांनी एका रशियन क्रांतिकारकाकडून स्फोटक द्रव्यांची विद्या संपादन केली. पारनेरचा विद्यार्थी, स्कॉटलंडचे कॉलेज, फ्रान्सची राजधानी आणि रशियन गुरू! ज्या आगबोटींनी व तारायंत्रांनी साम्राज्याचा व्यापार जगभर पसरला, त्याच साधनांनी साम्राज्यास विरोध करणारे विचारही देशोदेशी फिरू लागले होते. १९०८ साली बापट स्वदेशी परतले. त्याच वर्षी बंगालमध्ये अलीपूरचा खटला उभा राहिला, आणि त्यात नाव निघाल्यामुळे त्यांना भूमिगत व्हावे लागले. चार वर्षांहून अधिक काळ ते निरनिराळ्या नावांनी व वेषांनी हिंडत राहिले. १९१२ साली इंदूर येथे ते पकडले गेले, परंतु पुरेसा पुरावा न मिळाल्याने पुढे त्यांची सुटका झाली.

बापटांच्या आयुष्यास येथे एक निराळे वळण लागले. जगाच्या राजधान्यांत राज्यक्रांतीची विद्या शिकून आलेल्या या मनुष्याने पारनेरला परतल्यावर हाती घेतला तो झाडू. गावातील रस्ते व गटारे ते स्वतः साफ करू लागले. १९१४ साली त्यांना पुत्र झाला, तेव्हा बारशाच्या दिवशी पहिली पंगत त्यांनी अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांची बसविली. ब्राह्मण घरातील ही गोष्ट त्या काळी किती धाडसाची होती, याची कल्पना आजच्या मुलांस सहज येणार नाही. पुढे पुण्यास लोकमान्य टिळकांच्या ‘मराठा’ पत्रात त्यांनी काम केले. मुंबईत झाडूवाल्यांच्या संघटनेसाठी ते झटले. आणि अंदमानात खितपत पडलेल्या राजबंद्यांची मुक्तता व्हावी म्हणून दारोदार हिंडून त्यांनी सह्या गोळा केल्या. सत्ता कोणाच्या हाती आहे, या प्रश्नापाशी न थांबता तिच्या तळाशी कोण दबला आहे हे पाहण्याची दृष्टी त्यांना याच वर्षांत आली असली पाहिजे.

आता मुळशीकडे वळू. त्यासाठी प्रथम मुंबईच्या गिरण्यांचा विचार केला पाहिजे, कारण मुळशीच्या मावळ्यांचे दैव त्या गिरण्यांशी बांधले गेले होते, आणि त्या गिरण्यांचे दैव साऱ्या जगाशी. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला, आणि हिंदी कापसास सोन्याचा भाव येऊन मुंबईत संपत्तीचा पूर लोटला. तो पूर लवकरच ओसरला, परंतु गिरण्यांचे शहर म्हणून मुंबई वाढतच गेली. तिचे सूत चीन देशात खपू लागले. पुढे जपानी गिरण्यांनी तेथे स्पर्धा मांडली, तेव्हा माल स्वस्त काढणे भाग पडले. गिरण्या चालत कोळशावर, आणि कोळसा यावयाचा तो दूरच्या बंगालमधून, किंवा परदेशातून आगबोटीने. १९१४ साली महायुद्ध सुरू झाले, आगबोटी लढाईच्या कामी लागल्या व कोळशाची टंचाई जाणवू लागली. अशा वेळी सह्याद्रीवर कोसळणाऱ्या पावसापासून वीज निर्माण करण्याची जमशेटजी टाटा यांची कल्पना किती दूरदर्शीपणाची होती, हे सर्वांस पटले. खोपोली येथील वीजघर १९१५ साली सुरू झाले होते. दुसरे आंध्रा नदीच्या खोऱ्यातील पाण्यावर उभे राहत होते. तिसऱ्या कामासाठी १९१९ साली टाटा पॉवर कंपनी स्थापन झाली, आणि तिने दृष्टी वळविली ती मुळा व निळा या नद्यांच्या संगमाकडे.

योजना मोठी कल्पक होती. सह्याद्रीच्या माथ्यावरून पूर्वेकडे वाहणाऱ्या नदीस बांध घालावयाचा, साठविलेले पाणी डोंगर फोडून पश्चिमेकडे न्यावयाचे, आणि कोकणातील भिरा येथे सुमारे पाचशे मीटर खोल सोडून त्याच्या वेगाने यंत्रे फिरवावयाची. एकदा बांध झाला की पुढे सरपण नाही, कोळसा नाही, धूर नाही. ही कंपनी परक्यांची नव्हती, आपल्या देशबांधवांचीच होती. यामुळे अनेक सुशिक्षितांस या कामाचा अभिमान वाटे, आणि तो सर्वस्वी चुकीचा होता असेही म्हणता येत नाही.

परंतु ज्या खोऱ्यात पाणी साठावयाचे होते तेथे पन्नासांहून अधिक गावे नांदत होती. सुमारे अकरा हजार माणसांची वस्ती, आंबेमोहोर भाताची खाचरे, देवळे, विहिरी, आणि शिवकालापासून मावळे म्हणून ओळखली गेलेली घराणी, हे सारे त्या पाण्याखाली जावयाचे होते. भूमिसंपादनाचा १८९४ सालचा कायदा असा होता की, सरकारने सार्वजनिक उपयोगासाठी जमीन हवी असे एकदा ठरविले म्हणजे मालकाची संमती विचारण्याचे कारण उरत नसे. प्रश्न राही तो केवळ किमतीचा. कंपनीची माणसे चर खणू लागली, तेव्हा कित्येक शेतकऱ्यांस पहिली वर्दी मिळाली ती त्या कुदळीच्या आवाजाने. त्यातून पुष्कळ जमिनी पुण्याच्या सावकारांकडे गहाण पडलेल्या होत्या. मोबदल्याची रक्कम यावयाची ती बहुतांशी सावकाराच्या तिजोरीत, आणि मावळ्याच्या हाती ना शेत ना पैसा, अशी स्थिती होती.

आपल्या विद्यार्थ्यांनी शास्त्राच्या तासाला नाबोथाच्या द्राक्षमळ्याची गोष्ट ऐकली आहे. अहाब राजाने त्याला त्या मळ्याच्या बदल्यात दुसरा चांगला मळा किंवा रोख पैसा देऊ केला होता. तरी वडिलार्जित वतन विकण्यास तो गरीब मनुष्य राजी झाला नाही. मुळशीची कथा हुबेहूब तशी नव्हे. येथे कोणी कोणावर खोटा आळ घेतला नाही, आणि हवे होते ते एका राजाच्या बागेसाठी नसून एका मोठ्या शहराच्या उद्योगासाठी. परंतु मूळ प्रश्न तोच होता. जी वस्तू मनुष्य विकू इच्छीत नाही, तिची किंमत ठरविण्याचा अधिकार दुसऱ्यास कोठून येतो? आणि बळवंताचा हेतू चांगला असला, तर तेवढ्याने तो अधिकार येतो काय?

विनायकराव भुस्कुटे व इतर कार्यकर्ते यांनी गावोगाव हिंडून लोकांस जागे केले. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, सत्याग्रहास प्रारंभ झाला. शेकडो मावळे, त्यांत बायामुलेही, बांधाच्या जागी जाऊन बसली व काम थांबले. महात्मा गांधींनीही त्या सुमारास आपल्या पत्रात लिहून टाटांस या गोष्टीचा फेरविचार करण्याची विनंती केली. काही महिने काम बंद राहिले. पुढे ते पुन्हा सुरू झाले, आणि सत्याग्रहही. बापट या लढ्यात अग्रभागी होते. मावळ्यांसमवेत ते उपाशी राहिले, त्यांच्यासाठी त्यांनी गाणी रचली, आणि एकदा सुटून आले की पुन्हा तुरुंगात गेले. याच लढ्यात लोकांनी त्यांना सेनापती ही पदवी दिली. ती कोणत्याही दरबाराने दिली नव्हती. म्हणूनच ती टिकली.

लढा पुढे दुर्बळ होत गेला. सावकारांचे हित मोबदल्यात होते. पुष्कळ शेतकरी दारिद्र्याने गांजून पैसे घेऊन निघून गेले. पुढाऱ्यांतही मतभेद माजले. देशाचे मोठे राजकारण चालू असता एका पेट्याच्या गाऱ्हाण्यासाठी, आणि तेही हिंदी भांडवलदारांविरुद्ध, शक्ती का खर्चावी, असे कित्येकांस वाटे. शेवटी १९२४ साली बापटांनी मोजक्या सोबत्यांसह रुळांवर दगड रचून धरणाच्या कामाची रेल्वेगाडी अडविली, व स्वतः पोलिसांच्या स्वाधीन झाले. हा मार्ग गांधीजींच्या अहिंसेत बसणारा नव्हता, आणि आमच्या मुलांनी त्याचे अनुकरण करावे असे आम्हीही म्हणणार नाही. परंतु कृत्याची जबाबदारी दुसऱ्यावर न ढकलता त्याची सात वर्षांची शिक्षा त्यांनी मुकाट्याने भोगली, हेही तितकेच खरे आहे. धरण पुरे झाले. १९२७ साली भिऱ्याचे वीजघर सुरू झाले, आणि मुळशीच्या पाण्याची वीज डोंगर ओलांडून मुंबईस गेली. काठावरच्या वरच्या अंगास सरकलेल्या वाड्यांनी मात्र त्या विजेच्या दिव्याची वाट फार वर्षे पाहिली.

येथे जगाच्या पटावरील एक सूक्ष्म हालचाल सांगितली पाहिजे. १९२९ साली टाटांच्या या वीज कंपन्यांच्या व्यवस्थेत एका अमेरिकन कंपनीने भागीदारी घेतली. म्हणजे ज्या वर्षांत लंडनचे वर्चस्व ओसरून न्यूयॉर्कचे वाढत होते, त्याच वर्षांत मुळशीच्या पाण्याच्या हिशेबातही ती खूण उमटली. मावळ्याचे शेत बुडाले ते ब्रिटिश सरकारच्या कायद्याने, हिंदी कंपनीच्या हाताने, आणि त्यावर उत्पन्न झालेल्या विजेत वाटा मिळाला तो अमेरिकेस. सत्ता एका हातातून दुसऱ्या हाती जात होती. परंतु यांपैकी कोणीही त्या शेतकऱ्यास त्याच्या जमिनीविषयी त्याची इच्छा विचारली नव्हती. परकी सत्ता गेली की अन्याय आपोआप जातो, असे मानणाऱ्या पुष्कळ देशभक्तांहून बापट वेगळे ठरतात ते येथेच. परक्या राज्याशी ते लढलेच, परंतु आपल्या माणसांनी आपल्याच माणसांवर केलेला अन्यायही त्यांनी अन्यायच मानला.

१९३१ साली ते सुटून आले, आणि महाराष्ट्र प्रांतिक काँग्रेसचे अध्यक्ष झाले. परंतु त्याच वर्षी एका भाषणाबद्दल त्यांना पुन्हा दीर्घ शिक्षा झाली, ती १९३७ साली संपली. पुढे सुभाषचंद्र बोस यांच्या फॉरवर्ड ब्लॉकमध्ये त्यांनी काम केले. १५ ऑगस्ट १९४७ रोजी पुण्यात राष्ट्रध्वज फडकविण्याचा मान त्यांना मिळाला. आयुष्याची अनेक वर्षे तुरुंगात काढलेल्या या वृद्धास त्या क्षणी विश्रांती घेण्याचा पूर्ण अधिकार होता. परंतु त्यांनी ती घेतली नाही. १९५५ साली, वयाच्या पंचाहत्तराव्या वर्षी, नानासाहेब गोरे यांच्यासमवेत सत्याग्रहींची तुकडी घेऊन ते पोर्तुगीजांच्या ताब्यातील गोव्याच्या हद्दीत शिरले. चारशे वर्षांहून जुने ते राज्य १९६१ साली संपले. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतही ते अग्रभागी होते. तुरुंगातील व उतारवयातील वेळ त्यांनी लेखनात व तत्त्वचिंतनात घालविला. अरविंद घोष यांच्या तत्त्वज्ञानावरील ग्रंथाचे त्यांनी मराठीत भाषांतर केले. २८ नोव्हेंबर १९६७ रोजी मुंबई येथे त्यांचे देहावसान झाले. १९७७ साली सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

लौकिक दृष्टीने पाहता मुळशीचा लढा हरला. गावे बुडाली ती बुडालीच. परंतु काही पराभव असे असतात की, त्यांनी विचारलेला प्रश्न जिंकणाऱ्यांचा पिच्छा सोडीत नाही. पुढे स्वतंत्र भारतात अनेक धरणे झाली, लक्षावधी लोक उठविले गेले, आणि प्रत्येक वेळी मुळशीच्या मावळ्यांचा प्रश्न पुन्हा उभा राहिला. १८९४ सालचा तो कायदा स्वराज्यातही सहा दशकांहून अधिक काळ चालू राहिला, ही गोष्ट आपण स्वतःस विचार करावयास लावणारी आहे. अखेर २०१३ साली संसदेने त्याच्या जागी नवा कायदा केला. खाजगी कंपनीसाठी जमीन घ्यावयाची असल्यास बाधित कुटुंबांपैकी शेकडा ८० कुटुंबांची पूर्वसंमती हवी, अशी अट त्यात घालण्यात आली. कायद्यात सवलती व पळवाटा असतात, हे खरे. तरी रामनवमीच्या त्या दिवशी बांधावर बसलेल्या माणसांनी जे मागितले होते, ते निदान शब्दाने मान्य व्हावयास ब्याण्णव वर्षे लागली.

जगाचा तोल आजही हलत आहे. एक वा दोन महासत्तांच्या इच्छेने सर्व काही ठरावे, असे दिवस मागे पडत आहेत. अमेरिका, चीन, युरोप यांच्या जोडीने भारतही आपले स्थान मागत आहे, आणि ते मागणे योग्यच आहे. या नव्या काळाचे एक द्वार आपल्या मुळशी तालुक्यातच उघडले आहे. हिंजवडीच्या ज्या माळांवर व शेतांवर पूर्वी पिके उभी असत, तेथे आज देशोदेशीच्या कंपन्यांच्या इमारती उभ्या आहेत, आणि सातासमुद्रापलीकडील गिऱ्हाइकांसाठी तेथे रात्रंदिवस काम चालते. आमच्या शाळांतून शिकून गेलेली पुष्कळ मुले उद्या तेथे, किंवा न्यूयॉर्क, लंडन, सिंगापूर येथे, नोकरीस जातील. त्यांनी अवश्य जावे. बापटही गेले होते. मात्र ज्या जमिनीवर आपले कार्यालय उभे आहे ती कोणाची होती, आणि ती देताना त्याची इच्छा कोणी विचारली होती काय, एवढा प्रश्न विचारण्याची सवय त्यांनी बरोबर न्यावी.

पुण्यात आणि मुंबईत सेनापती बापट यांच्या नावाचे दोन मोठे रस्ते आहेत. पुण्याच्या रस्त्यावर मोठमोठ्या कंपन्यांची कार्यालये आहेत. मुंबईचा रस्ता दादर-परळच्या जुन्या गिरणगावातून जातो. मुळशीच्या पाण्याची वीज ज्या गिरणीभागास पुरविली गेली, तो हाच. त्या गिरण्या आता बंद पडल्या आहेत, आणि त्यांच्या जागी काचेच्या उंच इमारती आल्या आहेत. ज्यांच्यासाठी एक खोरे बुडाले त्या गिरण्यांचे आयुष्य शंभर-सव्वाशे वर्षांचे ठरले. पाणी मात्र अजून तेथेच आहे. त्या दोन्ही रस्त्यांवरून जाताना पाटीवरील नाव आमच्या विद्यार्थ्यांनी एकदा थांबून वाचावे. ज्याच्याजवळ सत्ता येईल त्याने, ती परकी असो वा आपली, सर्वांत दुर्बळ मनुष्यास विचारल्यावाचून पाऊल टाकू नये, यासाठी ज्याने आपले अर्धे आयुष्य वेचले, त्याचे ते नाव आहे.